चारा पोटात किती तास राहतो? मोजणी दरवेळी वेगळी येत असेल तर हे तपासा

एकच गाय, एकच कडबा, तीनदा मोजणी आणि तीन वेगळे आकडे. एकदा चोवीस तास, एकदा चाळीस, एकदा साठच्या वर. ही तक्रार घेऊन पशुपोषण शिकणारी मुलं येतात, गोठ्यागोठ्यांवर फिरणारे पशुवैद्यक येतात, आणि हल्ली वही ठेवणारे दूध उत्पादकही विचारू लागलेत. बहुतेकांना वाटतं गाय बिघडली, हवा बदलली, नाहीतर प्रयोगशाळेत घोळ झाला. या मोजणीत माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि माझं म्हणणं असं की गाय बहुधा तीच असते, आपण मात्र दरवेळी वेगळीच गोष्ट मोजलेली असते. चूक शोधायला सुरुवात तासांपासून करू नका, जमाखर्चापासून करा. गाईच्या तोंडात जेवढी खूण घातली तेवढी शेणातून परत आली का? हा हिशेब जुळत नसेल तर तास, दर, आलेख सगळं बाजूला ठेवा.

खूण म्हणजे मार्कर. चाऱ्याबरोबर जाणारा, न पचणारा, आतड्यातून न शोषला जाणारा आणि शेणात मोजता येणारा पदार्थ. पुढे 'खूण' हाच शब्द वापरते.

आकडा हवा कशाला, हे आधी थोडक्यात. कोटीपोटात, म्हणजे गाईच्या चार पोटांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या पोटात, चाऱ्याच्या बाबतीत सतत एक चढाओढ चालू असते: एका बाजूनं जंतू तो आंबवत असतात, दुसऱ्या बाजूनं तो पुढे सरकत असतो. समजा कडब्यातला पचण्याजोगा तंतू ताशी ३ टक्के वेगानं आंबतो आणि ताशी २ टक्के वेगानं पुढे सरकतो. मग त्यातला ३ भागिले (३ + २), म्हणजे ६० टक्के कोटीपोटात पचला. सरकण्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४ टक्के झाला, तर ३ भागिले ७, म्हणजे जेमतेम ४३ टक्के. तोच कडबा, तीच गाय, तेच जंतू. मधला बराचसा फरक शेणात गेला. दुधाची फॅट का घसरली, पेंड वाढवूनही दूध का वाढलं नाही, याची उत्तरं पुष्कळदा या वेगात असतात, म्हणून हा वेग नीट मोजायचा खटाटोप.

पहिला तुकडा दिसला, ती वेळ धरू नका

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. सांगली जिल्ह्यातल्या एका गोठ्यात अण्णांनी हौसेनं स्वतःच प्रयोग केला होता. सकाळच्या खुराकात एकदाच चार-पाच मुठी अख्खी ज्वारी घातली आणि शेणावर नजर ठेवली.

"मॅडम, काल सातला घातली, आज नऊला शेणात दाणा. सव्वीस तास झाले बघा."

मी विचारलं, "अण्णा, हा पहिला दाणा. शेवटचा कधी दिसला?"

ते जरा थांबले. गव्हाणीपाशी काकी चारा टाकत होत्या, त्यांनी मान न वळवता उत्तर दिलं, "चार दिस दिसत हुतं की. शेण मी काढते न्हवं."

खरी मोजणी काकींकडे होती. पहिला दाणा सव्वीस तासांनी आणि शेवटचा चौथ्या दिवशी, म्हणजे एकाच वेळी खाल्लेल्या चाऱ्याचे वेगवेगळे कण वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. कोटीपोट ही नळी नाही, हौद आहे. वरून पाण्याची धार चालू, खाली तोटी उघडी, आणि मध्ये एक पेला रंग ओतला तर काय होईल? तोटीतून रंगीत पाणी लवकर यायला लागेल, हळूहळू फिकं होत जाईल, आणि फिकी झाक बराच वेळ रेंगाळेल. पहिली रंगीत धार कधी आली यावरून रंग हौदात सरासरी किती वेळ राहिला हे कळत नाही. मोठ्या गाईचं कोटीपोट शे-दीडशे लिटरचं, कधी त्याहून मोठं, आणि वर रोज शंभर लिटरच्या आसपास किंवा जास्त लाळ त्यात उतरते. हौद लहान नाही आणि धारही लहान नाही.

शिवाय या हौदाच्या तोटीवर पहारा आहे. लांब तुकडे वर तरंगत चटई धरतात, रवंथ होऊन बारीक होतात, भिजून जड होतात, आणि एक-दोन मिलिमीटरपर्यंत आल्यावरच बहुतेक कण जाळीपोटाच्या (दुसऱ्या पोटाच्या) तोंडातून पडदेपोटात (तिसऱ्या पोटात) सुटतात. पाणी आणि त्यात विरघळलेलं मात्र थांबत नाही. दुभत्या गाईत पातळ भाग साधारण ताशी ८ ते १५ टक्के वेगानं निघून जातो, चाऱ्याचे कण ताशी ३ ते ६ टक्क्यांच्या घरात. म्हणून 'पोटात किती वेळ राहतं' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काय राहतं, हे आधी विचारावं लागतं. अण्णांची ज्वारी जड, गोल, आखूड. तिनं कडब्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त ज्वारीबद्दल सांगितलं.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये बाल्च यांनी १९५० साली रंगवलेल्या गवताचे तुकडे गाईंना चारून, शेण धुऊन, रंगीत तुकडे मोजून हा वेग काढला. पहिल्या तुकड्याच्या वेळेवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. घातलेल्या तुकड्यांपैकी ५ टक्के कधी बाहेर आले आणि ८० टक्के कधी आले, असे टप्पे पाहिले. १९५६ साली कॅसल यांनी शेळ्यांवर काम करताना सरासरी काढायची सोपी रीत दिली. ती अजूनही मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती करताना हातचलाखीला वाव नाही. खुणेचा ५, १५, २५ असं करत ९५ टक्क्यांपर्यंतचा प्रत्येक टप्पा किती तासांनी गाठला ते लिहायचं, दहा आकड्यांची बेरीज करायची, दहानं भागायचं.

उदाहरणासाठी मी एक काल्पनिक गाय घेते. टप्पे असे: २०, २६, ३१, ३६, ४१, ४७, ५४, ६३, ७६ आणि १०१ तास. बेरीज ४९५, सरासरी साडेएकोणपन्नास तास. या गाईच्या शेणात पहिला रंगीत तुकडा कदाचित पंधराव्या तासालाच दिसला असेल. अण्णांच्या पद्धतीनं उत्तर पंधरा आलं असतं.

आता हाच हिशेब तुम्ही बहात्तर तासांवर थांबवलात, तर? तोवर खुणेचा फक्त ८२ टक्के भाग बाहेर आलेला असेल. जमाखर्च न पाहता तुम्ही त्या ८२ लाच शंभर धरलं, तर टप्पे सगळे अलीकडे सरकतात आणि सरासरी येते ४१ तासांच्या आसपास. साडेआठ-नऊ तासांची चूक, आणि तीही गाईला हात न लावता. एका मुलानं तीन दिवस गोळा केलं, दुसऱ्यानं पाच दिवस, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून वाद घालत बसलेले मी पाहिलेत. दोघांची मोजणी चोख होती, फक्त एक आधी थांबला होता. चाऱ्यावरच्या गाईत १२० तासांच्या आत थांबू नका, नुसत्या कडब्यावर किंवा भुश्शावर असेल तर १४४ किंवा १६८ तासांपर्यंत जा.

रात्रीचं शेण

आम्ही एका संस्थेत संकरित गाईंवर खूण घालून सात दिवसांची मोजणी करत होतो. पहिल्या फेरीत खूण म्हणून घातलेल्या क्रोमियम या धातूपैकी बराच भाग परत आलाच नाही. आम्ही राख करण्याची पद्धत तपासली, यंत्राचं प्रमाणीकरण पुन्हा केलं, आम्ल बदललं. दुसऱ्या फेरीतही तेच. मग एका रात्री मी गोठ्यातच थांबले.

डिसेंबर होता. गाई बसलेल्या, रवंथ चाललेलं. पावणेतीनच्या सुमाराला दोन नंबरची गाय उठली, पाठ कमानीसारखी केली आणि शेण टाकलं. थंडीत त्यातून वाफ निघत होती. बादली आणायला मी वळले तेवढ्यात रात्रपाळीचे मामा फावडं घेऊन आले आणि दोन फराट्यांत शेण नालीत, नालीतून गोबर गॅसच्या टाकीकडे. पाणी मारून जागा लख्ख. सकाळी साहेब आले की गोठा स्वच्छ दिसला पाहिजे, हे त्यांना वीस वर्षं शिकवलं गेलं होतं आणि ते काम ते मनापासून करत होते. शेण गोळा करायच्या सूचना आम्ही दिवसपाळीला दिल्या होत्या. मामांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी बसून बोलले, बादल्यांवर गाईंचे नंबर रंगानं मोठे लिहिले आणि काटा गोठ्यातच आणून ठेवला. तिसऱ्या फेरीत हिशेब जुळला, आणि रात्रीच्या नोंदी सगळ्यात नीटनेटक्या मामांच्याच होत्या.

गाय दिवसाला दहा ते सोळा वेळा शेण टाकते आणि त्यातलं काही रात्री आणि पहाटे उठताना. म्हणून वसुलीचा, म्हणजे घातलेल्या खुणेपैकी किती टक्के परत आली याचा आकडा कमी आला की यंत्राकडे जाण्याआधी रात्रपाळीकडे जा. वसुली ९० टक्क्यांच्या खाली असेल तर बहुधा शेण हरवलंय. १०५ च्या वर असेल तर बहुधा शेजारच्या गाईचं शेण बादलीत आलंय, किंवा आहारातूनच क्रोमियम येतंय. दुसरी शक्यता तपासायला खूण घालण्याआधीचा एक कोरा नमुना हवाच. काही खनिज मिश्रणांत क्रोमियम असतं, आणि नमुना स्टीलच्या चक्कीतून दळला तर त्यातूनही थोडं उतरतं. कोरा नमुना घेतला नसेल तर नंतर कितीही डोकं खाजवलं तरी हे सुटत नाही.

सगळं शेण गोळा करणं जमणार नसेल, तर ठरावीक वेळी हातमोजा घालून थेट गुदद्वारातून नमुने घ्या आणि खुणेच्या प्रमाणावरून सरासरी काढा. पहिले दोन दिवस दर चार तासांनी, तिसऱ्या दिवशी सहा, मग आठ, मग बारा तासांनी. प्रत्येक नमुन्याचं प्रमाण गुणिले वेळ गुणिले दोन नमुन्यांमधलं अंतर, या सगळ्याची बेरीज, भागिले प्रमाण गुणिले अंतर यांची बेरीज. इथे दोन ठिकाणी घसरतात. एक, अंतर गुणायचं विसरतात. मग सुरुवातीचे दाट नमुने उत्तर स्वतःकडे ओढतात आणि वेळ कमी दिसतो. दोन, प्रमाण ओल्या शेणावर काढतात. शेणात ८० ते ८५ टक्के पाणी असतं आणि ते दिवसभरात बदलतं. नमुना साठ-पासष्ट अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि कोरड्या वजनावरच बोला.

खूण चाऱ्याला चिकटलेली आहे की नाही

घरगुती प्रयोगात खाण्याचा रंग वापरतात. कडबा लालभडक दिसतो, गाय खाते, आणि शेणात काहीच सापडत नाही. कारण सरळ आहे: हे रंग तंतूला पक्के बसत नाहीत, पाण्यात सुटतात, आणि बाजारातले बरेच लाल-पिवळे खाद्यरंग ज्या रासायनिक गटातले आहेत ते कोटीपोटासारख्या हवाबंद जागेत जंतूच मोडून टाकतात. यावर तोडगा म्हणून कपड्याचा रंग वापरू नका. दूध देणाऱ्या जनावराच्या पोटात काय घालायचं याला मर्यादा आहे आणि ती आपणच पाळायची आहे. प्लास्टिकचे मणीही नकोत. परदेशातल्या प्रयोगांत ठरावीक घनतेचे मणी वापरून असं दिसलं की पाण्यापेक्षा थोडे जड कण सगळ्यात सहज पुढे जातात, हलके तरंगत राहतात आणि फार जड तळाशी बसतात. हे ज्ञान मोलाचं आहे, पण आपल्या गाईंच्या पोटात पिशव्यांचं प्लास्टिक आधीच पुरेसं जातं. त्यात आपण भर घालू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगशाळेत तंतूसाठी सगळ्यात जास्त वापर होतो तो क्रोमियम पक्क्या बसवलेल्या चाऱ्याचा. उदेन, कोलुची आणि व्हॅन सोएस्ट यांनी १९८० साली ही रीत आणि पातळ भागासाठी कोबाल्ट-ईडीटीए ही पाण्यात विरघळणारी कोबाल्टची खूण, दोन्ही एकत्र मांडली. चारा आधी डिटर्जंटच्या द्रावणात उकळून धुवायचा, म्हणजे विरघळणारं निघून जातं. मग डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराच्या द्रावणात भट्टीत तापवायचा, नंतर अॅस्कॉर्बिक आम्लानं उरलेलं क्रोमियम खूपच कमी विषारी रूपात आणायचं, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं. डायक्रोमेट विषारी आहे, कर्करोगकारक आहे. हे काम प्रयोगशाळेच्या धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं, गोठ्यात किंवा घरी कदापि नाही.

इथली नेहमीची गडबड धुण्यात असते. मुलं तीन-चार पाण्यांनी समाधान मानतात. सैल राहिलेलं क्रोमियम मग कोटीपोटात सुटतं आणि पाण्याबरोबर पळतं, शेणातल्या खुणेच्या आलेखाला सुरुवातीलाच एक खोटं टोक येतं. शेणात खूण फार लवकर आणि फार उंच दिसली तर हाच संशय घ्या. खात्री करायची तर क्रोमियम बसवलेला थोडा चारा कोमट पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी तपासा. दुसरी गडबड उलटी आहे: हौसेनं क्रोमियम फार चढवलं तर तंतू जड होतो आणि पचतच नाही. मग तुम्ही मोजता तो वेग त्या जड, न पचणाऱ्या तुकड्याचा, गाईनं खाल्लेल्या कडब्याचा नव्हे. तपासणीत मोजता येईल एवढंच बसवा, जास्त नको. इटर्बियमसारखी दुर्मीळ मृदा (एका गटातला धातू) खूण म्हणून वापरलीत तर ती एका कणावरून सुटून दुसऱ्यावर बसते, विशेषतः पेंड जास्त असून कोटीपोट आम्लाकडे झुकलेलं असेल तेव्हा. पेंडीवर लावलेली खूण अशानं कडब्यावर सापडू शकते.

कोबाल्टच्या खुणेचा थोडा भाग, साधारण दोन-तीन टक्के, आतड्यातून शोषला जाऊन मूत्रातून जातो. त्यामुळे त्या फेरीत मूत्र शेणात मिसळू देऊ नका.

आणि हिरवी पूड. क्रोमिक ऑक्साइड बाजारात सहज मिळतं, स्वस्त आहे, आणि पचनीयता काढण्यासाठी रोज दिलं तर कामाचं आहे. पण ती पूड पाण्याबरोबरही जात नाही आणि तंतूबरोबरही नाही. जड असल्यानं ती तळाशी बसते आणि आपल्या चालीनं गोळ्यागोळ्यांनी पुढे सरकते. एकदाच देऊन तिच्यावरून चाऱ्याचा वेग काढलेले प्रबंध मी वाचलेत. ते आकडे त्या पुडीचे आहेत.

खुणेचा डोस सगळा पोटात गेला का, हेही बघा. गव्हाणीत पसरलेला रंगीत चारा गाय नाकानं बाजूला सारते. मी डोस थोड्या मळीत कालवून, सकाळी पहिल्या खाण्याआधी, वेगळ्या घमेल्यात देते आणि घमेलं चाटून साफ होईपर्यंत तिथून हलत नाही. उरलंच तर ते वजन करून हिशेबातून वजा करायचं. खायला सुरुवात केली ती वेळ आणि संपवलं ती वेळ, दोन्ही लिहायच्या. शून्य तास म्हणजे या दोन्हींच्या मधली वेळ.

खाणं बदललं की वेग बदलतो

ही चूक नाही, पण चुकीसारखी दिसते. गाय जास्त खाते तेव्हा चारा लवकर पुढे ढकलला जातो. म्हणून दर फेरीत रोजचं खाणं किलोत, कोरड्या वजनावर, लिहिलेलं नसेल तर दोन फेऱ्यांची तुलना करायला आधारच उरत नाही. आहार बदलल्यावर किमान दोन आठवडे गाय त्याच आहारावर राहू द्या, मग खूण घाला. कडक उन्हाळ्यात गाय कमी खाते, कोटीपोटाची हालचाल मंदावते आणि चारा जास्त वेळ राहतो. एप्रिल आणि डिसेंबरच्या आकड्यांची तुलना करून 'नवीन पेंडीचा परिणाम' लिहू नका. माज, लसीकरण, खूर कापणं, यातलं काही त्या आठवड्यात झालं असेल तर वहीत समासात लिहा. सहा महिन्यांनी तो समासच कामाला येतो.

सरासरी आणि कोटीपोटातला काळ यांची गल्लत

वर काढलेले साडेएकोणपन्नास तास सगळ्या पचनमार्गाचे आहेत. त्यात कोटीपोट, पडदेपोट, चौथं पोट, आतडी सगळं आलं. फक्त कोटीपोटाचा वेग हवा असेल तर आलेखाचा उतार वापरतात. ब्लॅक्सटर आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली मेंढ्यांवर याचा गणिती पाया घातला, ग्रोव्हम आणि विल्यम्स यांनी १९७३ साली तो पुढे नेला. कल्पना अशी की टोक गाठून झाल्यावर खुणेचं प्रमाण ज्या वेगानं उतरतं तो वेग सगळ्यात मोठ्या आणि संथ हौदाचा, म्हणजे बहुतेक वेळा कोटीपोटाचा.

हिशेब छोटा आहे. ४८ व्या तासाला प्रमाण २०० आणि ७२ व्या तासाला ८० असेल, तर दोनशे भागिले ऐंशी म्हणजे अडीच, अडीचचा नैसर्गिक लॉगरिदम ०.९१६, भागिले २४ तास, म्हणजे ताशी ०.०३८. कोटीपोटातून दर तासाला ३.८ टक्के बाहेर, आणि त्याचा व्यस्त म्हणजे सरासरी मुक्काम साधारण २६ तास. कुणी '२६' म्हणतं, कुणी '४९', आणि एकाच गाईबद्दल दोघंही बरोबर असतात. प्रश्न विचारताना कुठला काळ, ते सांगा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उतार काढताना टोकाच्या अलीकडचे, म्हणजे चढतीचे बिंदू घेऊ नका, आणि शेवटी यंत्राच्या मोजणीच्या काठावर आलेले बिंदूही घेऊ नका. मधला सरळ भाग घ्या. लॉग कागदावर, म्हणजे ज्याची उभी मापं लॉगरिदमनं आखलेली असतात त्यावर, हातानं बिंदू मांडून बघा. संगणक कुठल्याही बिंदूंतून रेषा काढून देतो, त्यामुळे आधी डोळ्यानं पाहणं मला फार गरजेचं वाटतं. किमान पाच-सहा बिंदू त्या सरळ भागात पडले नाहीत तर उतार लिहूच नका, सरासरी लिहा.

प्रयोगशाळा नसेल तर

दूध उत्पादकांना माझा सल्ला असा की तासांच्या मागे लागू नका. तुम्हाला हवं आहे ते 'चारा घाईनं निघून जातोय का' याचं उत्तर, आणि ते चाळणीत दिसतं. दीड-दोन मिलिमीटर भोकांची चाळण घ्या. ताज्या शेणाचा मध्यभाग, साधारण अर्धा लिटर, त्यात टाका आणि बारीक धारेखाली हलक्या हातानं धूत राहा. सुरुवातीला हिरवट-तपकिरी पाणी जातं, मग चहासारखं, मग स्वच्छ. उरलेलं पिळून पांढऱ्या ताटलीत पसरा.

चांगल्या शेणात उरतो तो मऊ, आखूड तंतू, जवळपास एकसारखा. बोटाच्या पेराएवढे कडब्याचे तुकडे दिसले, त्यांच्या कडा धारदार असल्या, तर ते नीट रवंथ न होताच सुटलेत. अख्खे किंवा अर्धे मक्याचे दाणे दिसले तर मका भरडण्यात किंवा मुरघास करताना दाणा फोडण्यात कमतरता आहे. आतड्याच्या सालीसारखे चिकट पापुद्रे दिसले, तर कोटीपोटात आंबायचं ते पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतंय. हे लक्षण गंभीर घ्या. बहुतेकदा एका वेळी पडणारी पेंड जास्त असते किंवा कुट्टी भुश्शासारखी बारीक असते. पेंड एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त न देता दिवसात वाटून द्या, कुट्टी यंत्राची पाती तपासा आणि काही चारा दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा राहू द्या, म्हणजे कोटीपोटातली चटई टिकते. पेंडीत एकदम बदल करू नका, आठ-दहा दिवसांत करा.

त्याच गाईचं, त्याच वेळचं शेण आठवड्यातून एकदा धुवा आणि ताटलीचा फोटो तारखेसह ठेवा. एका दिवसाच्या शेणावरून आहार बदलायची घाई करू नका, आणि पाच-सहा गाईंचं शेण एकत्र धुवू नका. दुपारच्या विसाव्यात बसलेल्या गाई मोजा: निम्म्याहून कमी रवंथ करत असतील तर चाळणीत काय दिसणार याचा अंदाज आधीच येतो.

अण्णांच्या गोठ्यात पुढे आम्ही हेच केलं. ताटल्यांचे फोटो काकी काढतात. पहिल्या महिन्याच्या फोटोत कडब्याच्या काड्या वेगळ्या मोजता येतात. कुट्टी यंत्राची पाती बदलून आणि संध्याकाळची पेंड दोन वेळांत वाटल्यानंतरच्या फोटोत ताटलीत नुसता ओल्या लोकरीसारखा तंतू आहे.

प्रयोगशाळेतल्या मोजणीसाठी एक शेवटची सूचना. शेवटच्या नमुन्यात खुणेचं प्रमाण टोकाच्या प्रमाणाच्या एक-दोन टक्क्यांवर उतरलेलं नसेल, तर बादल्या धुऊन ठेवू नका. आणखी चोवीस तास गोळा करा, आणि रात्रपाळीला तसं आधीच सांगून ठेवा.